पिवळी रेघ येईपर्यंत

रोज सकाळी पाववाल्याचं गाढव चढ चढून वर यायच्या सुमारास कासिल्दा उंबऱ्यावर येऊन उभी राहायची आणि एक बाटली हलवायची. बाटली वीतभर उंच, जाड काचेची, तळाशी जराशी हिरवट. आत दोन भाग ऑलिव्हचं तेल, एक भाग व्हिनेगर, चिमूटभर मीठ. डोळे मिटून, ओठ आवळून ती अशी काही हलवायची की शेजारच्या कोंबड्या भिंतीवरून उतरून परसात पळायच्या. मग ती बाटली उन्हात धरायची आणि रस्त्याने जो पहिला जाईल त्याला मनात असेल ते तोंडावर सांगायची.

पहिला बहुतेक वेळा पाववालाच असायचा.

"थांब रे," ती म्हणायची. "तुझ्या पावात हल्ली पिठापेक्षा हवा जास्त असते. हवा आम्हाला टेकडीवर हवी तेवढी मिळते. आणि बायकोशी भांडलास की तू मीठ विसरतोस. गेल्या आठवड्यात तीनदा विसरलास. तिची समजूत काढ, नाहीतर तुमच्या भांडणात आमच्या तोंडाची चव जायची."

पाववाला निमूट ऐकून घ्यायचा. उलट बोलायची त्याला सोयच नव्हती. मग बाटलीत वरच्या बाजूला बोटभर रुंद पिवळी रेघ दिसू लागायची. तेल सुटून वर आलेलं असायचं. ती रेघ दिसली की कासिल्दाचा आवाज खाली यायचा. "थकलेले दिसताय," ती म्हणायची, "चढ फार आहे ना इथला. दोन पाव द्या. आणि बाईंना माझा नमस्कार सांगा."

मिनिटापूर्वीचा 'तू' त्या रेघेसरशी 'तुम्ही' व्हायचा.

कासिल्दा वेडी नव्हती. ती गावाची नेमलेली वेडी होती. या दोन्हींत फरक आहे, आणि सेरोब्लांकोत तो शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

दक्षिण स्पेनमधल्या त्या ऑलिव्हच्या टेकड्यांत एक म्हण आहे: कोशिंबिरीत मीठ शहाण्याने घालावं, तेल उधळ्याने, व्हिनेगर चिक्कूने, आणि कालवावी वेड्याने. आसपासच्या गावांनी ती म्हण म्हणून सोडून दिली. सेरोब्लांकोने तिची पदं केली. मे महिन्यात संत इसिद्रोच्या सणाला सगळं गाव टेकडीवरच्या छोट्या चर्चपाशी जमायचं. मातीच्या भल्यामोठ्या परातीत संत्री, खारवलेला मासा, कांदा आणि काळी ऑलिव्ह यांची कोशिंबीर व्हायची, आणि परातीभोवती चौघे मानकरी उभे राहायचे. शहाणे म्हणून मीठ घालायचे फादर, कारण दुसऱ्या कुणाला शहाणं म्हटलं असतं तर फादरना राग आला असता. चिक्कू होता एलादिओ, चर्चची घंटा वाजवणारा. पहिल्या वर्षी त्याला हे पद जिव्हारी लागलं होतं, पण नंतर नंतर तो थेंबाथेंबाने व्हिनेगर घालताना इतका गंभीर व्हायचा की लोक टोपी काढून बघत राहायचे. उधळे होते मालक लेआंद्रो. गावातला तेलाचा घाणा त्यांचा, निम्मी झाडं त्यांची. त्यांनी आयुष्यात काही उधळल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण तेल त्यांच्याकडे होतं.

आणि वेडी होती कासिल्दा.

वेडीला सणाच्या दिवशी सगळ्या गावासमोर आणि एरवी वर्षभर आपल्या उंबऱ्यावर वाटेल त्याला वाटेल ते बोलायची मुभा होती. अट एकच. बाटलीतलं तेल नि व्हिनेगर एकजीव आहे तोवरच. तोवर ऐकणाऱ्याने उलट बोलायचं नाही, आणि सणाच्या दिवशी मानकऱ्यांनी परात सोडून हलायचं नाही. फार तर एक शब्द उच्चारायचा: मान्य. तो उच्चारला की वेडीने तोंड मिटायचं, बाटली परातीत ओतायची. पण मान्य म्हणजे संतासमोर दिलेला शब्द. तो परत घेता येत नसे.

देशातलं यादवी युद्ध संपून चौदा वर्षं झाली होती. लोक अजून घरातसुद्धा खिडक्या लावून बोलायचे. बंदुका खांद्याला लावलेले दोन शिपाई चौकात फिरायचे आणि तीन माणसं एकत्र दिसली तर चौथे-पाचवे होऊन उभे राहायचे. अशा दिवसांत दीड मिनिट मोकळं बोलायची मुभा ही लहान गोष्ट नव्हती. कासिल्दाला ते पद मिळालं बत्तिसाव्या वर्षी, तिच्या खांद्यांमुळे. चार घरचं धुणं बडवून कमावलेले खांदे होते ते. ऐन उमेदीत ती बाटली हलवायची तर चार वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणून होईपर्यंत रेघ यायची नाही. आता ती एकसष्टीला आली होती, नवरा ओनोफ्रे जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि उजवा खांदा गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरायचा. बाटली जेमतेम दीड 'नमो मरिया' टिकायची.

दीड प्रार्थनेत पाववाल्याचं उरकतं. मालक लेआंद्रोंचं उरकत नव्हतं.

गावाच्या वरच्या अंगाला एक झरा होता. त्याचं पाणी दगडी पन्हळातून धुण्याच्या हौदात यायचं. दोन वर्षांपूर्वी मालकांनी फळी घालून तो झरा आपल्या संत्र्यांच्या नव्या बागेकडे वळवला. हौद कोरडा पडला, त्यात मांजरी व्यायला लागल्या. बायका धुणं डोक्यावर घेऊन अर्ध्या तासावरच्या नदीवर जाऊ लागल्या. शेजारची रुफिना पहिल्याच हिवाळ्यात त्या वाटेवर घसरली आणि मनगट मोडून बसली. हाड जुळलं, पण वाकडं. आता तिला साधा रुमाल पिळता येत नव्हता. कासिल्दाचं तर पोटच धुण्यावर होतं. चार घरांची दोन झाली. अर्ज केला. अर्ज कुठे गेला ते सरपंचांना ठाऊक, आणि सरपंच म्हणजे मालकांचे मेहुणे.

गेल्या सणाला तिने परातीपाशी उभं राहून सुरुवात केली होती. "लेआंद्रो, तुझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने दगड वाहून तो हौद बांधला. माझ्या आजीने त्यांना पाणी पाजलं. आणि तू—"

एलादिओने बाटलीला बोट लावून पाहिलं. रेघ बोटभर झाली की नाही हे ठरवणं त्याचं काम. त्याचं बोट अंमळ बारीक आहे अशी लोकांची जुनी तक्रार होती.

"आली," एलादिओ म्हणाला.

मालकांनी टोपी जराशी उचलली. "छान बोललीस, कासिल्दा. पुढचं पुढच्या वर्षी."

लोक हसले नाहीत, पण हसू दाबल्याचा आवाज तिने ऐकला. ते 'पुढच्या वर्षी' तिच्या कानात वर्षभर राहिलं. ती घरी आली, बाटली खिडकीत ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली. खाली गढूळ लालसर व्हिनेगर, वर निवांत पिवळं तेल. उन्हात पाय पसरून बसल्यासारखं.

"हे असं का करतं गं?" तिने रुफिनाला विचारलं.

"तेल ना? माजोरडं आहे," रुफिना म्हणाली. "श्रीमंतांचं आहे ते. खाली कशाला बसेल."

त्या फेब्रुवारीत गावच्या शाळेला नव्या बाई आल्या. ओब्दुलियाबाई ग्रानादाच्या, पंचविशीतल्या, सोबत पुस्तकांच्या दोन पेट्या आणि पायात या गावाला अजिबात न चालणारे बूट. कासिल्दाच्या माडीवर त्यांनी खोली घेतली. पहिले आठ दिवस कासिल्दा त्यांच्याशी नुसती अदबीने वागली. नवव्या दिवशी सूप वाढून झाल्यावर तिने बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

"बाई, तुमच्या पेटीत याचं काही आहे का?"

"कशाचं, मावशी?"

"हे दोघं एकमेकांचा इतका द्वेष का करतात, त्याचं."

बाईंनी बाटली हलवली, उजेडात धरली. "द्वेष नाही करत."

"मग काय, लाजतात?"

"तेल बिचारं काहीच करत नाही," बाई हसून म्हणाल्या. "व्हिनेगर म्हणजे बहुतेक पाणीच. आणि पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. हातात हात घालून. तेलाचे कण त्यांच्यात शिरायला गेले तर त्यांना धरायला कुणी हात मोकळाच ठेवत नाही. पाणी आपलं आपलं जवळ येतं, तेल बाजूला पडतं. आणि ते हलकं असतं, म्हणून वर जातं. त्यात माज कसला."

कासिल्दा म्हणाली, "म्हणजे हौदावर आम्ही बायका बसायचो तशी गत. सरपंचांची बायको एकदा आली होती. आम्ही कुणी तिला जा म्हटलं नाही. पण आमच्या गप्पा अशा रंगल्या होत्या की तिला दगडच मिळाला नाही. गेली बिचारी वर, बाजूला उभी राहिली."

"अगदी तसंच."

"आणि जोरात हलवलं की जास्त टिकतं, ते?"

"जोरात हलवलं की तेलाचे थेंब बारीक होतात. बारीक थेंबांना एकमेकांना शोधून पुन्हा मोठं व्हायला वेळ लागतो. म्हणून."

"खांदा गेला माझा, बाई. बारीक होत नाहीत आता. दुसरं काही नाही का?"

बाई बोटाने टेबलावर काहीतरी काढत बसल्या. "मध्यस्थ लागतो. असा कुणी, ज्याचं एका अंगाने पाण्याशी पटतं, दुसऱ्या अंगाने तेलाशी. तो थेंबाभोवती उभा राहिला की थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. आता बघा, साबण. तेलकट कपडा साबणाने निघतो, तो असाच."

एवढं बोलून बाई मुलांच्या वह्या तपासायला वर गेल्या. आपण काय पेरून आलो याची त्यांना कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासिल्दाने घरी केलेल्या साबणाचा तुकडा किसून बाटलीत टाकला. आयुष्यभर साबणाशी घरोबा, तिला तो कधी फसवेल असं वाटलंच नाही. बाटली हलवली. आधी फेस आला, मग पांढऱ्या कण्या झाल्या, नासलेल्या दुधासारख्या, आणि तेल पहिल्यापेक्षा लवकर वर येऊन बसलं. रेघ एका 'नमो मरिया'च्या आत. शिवाय बाटलीतलं शेवटी कोशिंबिरीत जायचं असतं. म्हणून तिने चव घ्यायला रुफिनाला बोलावलं.

"आधी तू घे," रुफिना म्हणाली.

"मी वेडी आहे. माझ्या चवीवर कोण विश्वास ठेवेल?"

रुफिनाने चमचाभर घेतलं. ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी प्रार्थनेत तिला उचकी लागली आणि पुढच्या बाकावरच्या बायका सांगतात की तिच्या तोंडून बुडबुडा निघाला. बायकांचं काय, त्या काहीही सांगतात.

ओब्दुलियाबाईंना हे कळलं तेव्हा त्या कानापर्यंत लाल झाल्या. "आंबटात साबण फाटतो, मावशी. माझ्या लक्षातच आलं नाही. आणि तुम्ही खरंच घालाल असं मला…"

"बाई, इथे बोलताना जपून बोलायचं असतं," कासिल्दा म्हणाली. "माणसं खरं धरतात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. एप्रिलमधल्या एका रविवारी बाईंना जेवायला ससा मिळणार होता. कुणाच्या तरी शेतात तो बेसावध सापडला होता, कुणाच्या ते विचारायचं नाही. सशाबरोबर लसणीचं वाटण हवंच. कासिल्दाने लाकडी खलात लसणीच्या पाकळ्या आणि मीठ घातलं आणि गोल गोल कुटायला लागली. डाव्या हाताने तेलाची धार, तीही अशी बारीक की मुंगीला पोहता यावं. चाळीस वर्षं ती हे करत आली होती. थोड्या वेळाने वाटण घट्ट झालं, पांढरट पिवळं, इतकं की बत्ता सोडला तरी खलात उभा राहिला.

ती त्या उभ्या बत्त्याकडे बघत राहिली.

"बाई," तिने जिन्यातून हाक मारली, "जरा खाली या. इथे अर्धी वाटी तेल होतं. ते कुठे गेलं?"

बाई खाली आल्या. त्यांनी खल तिरका केला. तेलाचा टिपूस वर आला नाही. त्यांनी बोटाने चाटून पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "लसूण. मध्यस्थ लसूण आहे."

कासिल्दाने त्यात चमच्याचमच्याने व्हिनेगर घातलं, पातळ केलं, बाटलीत भरलं, हलवलं आणि खिडकीत ठेवलं. दोघी ससा जेवल्या. हाडं मांजरीला घातली. भांडी घासून झाली. बाटलीत रेघ नव्हती.

"नियमात बसतं का?" बाईंनी विचारलं.

"बाटलीत तेच घालायचं जे कोशिंबिरीत जातं, असा नियम आहे." कासिल्दाने हात एप्रनला पुसले. "आमच्याकडे लसूण न घालता कोशिंबीर कोण करतं? आजारी माणूस."

"मग आता हवं तेवढं बोला."

"हवं तेवढं बोलून काय होतंय? तो ऐकून घेईल, टोपी उचलेल आणि जाईल घरी. त्याच्या तोंडून 'मान्य' यायला पाहिजे." ती गालातल्या गालात हसली. "बाई, रविवारी चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला मालक कुठे बसतात ते पाहिलंय तुम्ही?"

"बाजूच्या दाराशी. वारा येतो म्हणून असेल."

"वाऱ्यासाठी नाही. वय झालंय. मिसा संपेस्तोवर दोनदा तरी बाहेर जावं लागतं. एलादिओ ते दार मुद्दाम लोटून ठेवतो, कडी लावत नाही. त्यांच्या घरच्या चादरी वीस वर्षं मी धुतल्यात, बाई. मला त्यांचं सगळं माहीत आहे."

ओब्दुलियाबाई ग्रानादाच्या चांगल्या घरातल्या होत्या. त्या पाण्याचा पेला तोंडाला लावून बराच वेळ तसाच धरून बसल्या.

सणाच्या दिवशी ऊन कडक होतं. संताची मूर्ती टेकडीवर नेली, मागून गाव गेलं, मागून खेचरं. मालक घामाघूम होऊन पोचले तेव्हा चर्चच्या सावलीत रुफिना थंडगार लिंबूपाण्याचं मडकं घेऊन उभी होती, वाकड्या हातात पेला धरून.

"घ्या मालक. चढून आलात."

"मोठं मन आहे तुझं, रुफिना," मालक म्हणाले. आपल्या झऱ्यामुळे हिचं मनगट गेलं हे त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी दुसरा पेलाही घेतला. तिसरा तिने नुसता पुढे केला. मोडक्या हाताने पुढे केलेला पेला नाकारणं बरं दिसत नाही.

फादरनी मीठ घातलं. एलादिओने व्हिनेगर घातलं, ओठ हलवत, थेंब मोजत. मालकांनी तेल ओतलं. कासिल्दाने दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत घालून कोशिंबीर कालवली. मग हात धुतले आणि बाटली काढली. रिवाजाप्रमाणे फादरनी एक थेंब तळहातावर घेऊन चाटला.

"लसूण आहे," ते म्हणाले.

"तुमच्या कोशिंबिरीत नसतो, फादर?"

"असतो तर."

"मग देवाचं नाव घ्या."

तिने बाटली हलवली. खांदा कुरकुरला. तिने बाटली उंच धरली आणि एलादिओच्या हातात दिली, म्हणजे रेघ त्यालाच दिसावी.

"लेआंद्रो," ती म्हणाली, "गेल्या वर्षी कुठे राहिलो होतो? हं. तुझ्या आजोबांनी दगड वाहिले, माझ्या आजीने पाणी पाजलं. आणि तू त्या हौदात मांजरींना व्यायला लावलंस."

मालक हसले. एलादिओने बोट लावलं. रेघ नव्हती.

ती घाई न करता बोलत राहिली. नदीच्या वाटेवर कुठे कुठे पाय घसरतो ते सांगितलं. रुफिनाला पुढे बोलावून तिचं मनगट सगळ्यांना दाखवायला लावलं. अर्ज कोणत्या दिवशी दिला, सरपंचांनी तो कोणत्या खणात टाकला, त्या खणात आणखी काय काय आहे, तेही सांगितलं. सरपंच परातीपासून दोन पावलं मागे सरले. पाच 'नमो मरिया' होऊन गेल्या असतील. लोक आधी मालकांकडे बघत होते, आता बाटलीकडे बघायला लागले. शिपायांपैकी धाकटा टाचा उंचावून पाहत होता.

"एलादिओ," मालकांच्या तोंडून निघून गेलं.

"बोलायचं नाही," फादर म्हणाले.

एलादिओने बाटली डोळ्यांपाशी नेली, उलटी केली, सुलटी केली. "नाही आली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती की आनंद, हे कुणाला ठरवता आलं नाही.

कासिल्दाचं सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. तिने मालकांकडे नीट पाहिलं. त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला होता. मग परत पहिल्यावर. टोपी काढून ती दोन्ही हातांनी पुढे धरली होती.

"आता मला एवढंच सांगायचंय," ती आवाज मऊ करून म्हणाली, "की तो झरा कसा वाहायचा. दोन वर्षांत विसरले असतील लोक. पहाटे आधी नुसतं टप टप टप यायचं. कुणीतरी अंधारात बोटाने दगडावर वाजवतंय असं. मग पन्हळातून एकदम खळखळ. काय धार होती, लेआंद्रो. थांबायची म्हणून नाही. हौद भरला तरी वाहतच राहायची, काठावरून, दगडावरून, खाली गटारात, झुळुझुळु, झुळुझुळु…"

गर्दीत मागे कुणीतरी खोकलं. मग दुसऱ्या कुणीतरी. ओब्दुलियाबाईंनी रुमाल तोंडात धरला होता. मालकांच्या कपाळावर घामाचे थेंब आले आणि एक थेंब भुवईवरून टपकन खाली पडला.

"असा," कासिल्दा म्हणाली. "अगदी असाच आवाज यायचा."

"मान्य," मालक म्हणाले.

"काय मान्य, लेआंद्रो? लोकांना कळू दे."

"झरा. झरा परत. मान्य."

ते धावले नाहीत, हे गावाने त्यांच्या बाजूने नेहमी कबूल केलं. ताठ चालत, टोपी पुढे धरून, संतासमोर वाकायचंही विसरून ते चर्चच्या मागच्या भिंतीकडे गेले. कासिल्दाने एलादिओच्या हातून बाटली घेतली आणि परातीत ओतली. शेवटच्या थेंबापर्यंत रेघ आली नव्हती. त्या वर्षी कोशिंबीर इतकी लसणाळ झाली की दुसऱ्या दिवशी शिपायांची जोडीसुद्धा हातभर अंतर ठेवून गस्त घालत होती.

गुरुवारी घाण्यावरचा मुकादम वर गेला आणि फळी काढून आला. मालकांना शब्द फिरवता आला असता का, यावर गावात पुष्कळ चर्चा झाली. जबरदस्तीने वदवून घेतलं असं ते म्हणू शकले असते. पण मग कसली जबरदस्ती, हेही सांगावं लागलं असतं. लोक म्हणायचे, दोन वर्षं गावाचं पाणी अडवलं आणि स्वतःचं घटकाभर अडवता आलं नाही. मालकांच्या कानावर ते गेलं असणार. ते मिसाला त्याच दाराशी बसत राहिले आणि एलादिओ दार लोटून ठेवत राहिला. बाहेर कासिल्दा भेटली तर ती "नमस्कार, मालक, तब्येत काय म्हणते?" असं अदबीने विचारायची आणि ते "बरी आहे, बाई" म्हणायचे. तिला बाई म्हणायची सवय त्यांना त्या वर्षापासून लागली.

पुढच्या सणाआधी सरपंचांनी ठराव आणला: वेडीच्या बाटलीत लसूण चालणार नाही. सगळ्यांत आधी हात वर केला तो कासिल्दाने.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "माणसाने एवढं बोलू नये. मला शेवटी विषय सुचेनासे झाले होते."

त्यानंतर ती आणखी अकरा वर्षं गावाची वेडी होती. बाटली कधी दीड 'नमो मरिया' टिकायची, कधी एक, शेवटी शेवटी तर 'नमो' म्हणेपर्यंतच. तेवढ्यात ती एखादंच वाक्य बोलायची. पाववाला म्हणायचा, ते एक वाक्य जास्त लागतं. ओब्दुलियाबाईंची बदली झाली तेव्हा कासिल्दाने त्यांना गावात चालणारे बूट भेट दिले. ते आता त्यांच्या काही उपयोगाचे नव्हते, पण बाईंनी ते घालूनच गाडी पकडली.

हौदावर ती शेवटपर्यंत जायची. लोकांचं धुणं सुटलं तरी आपलं आणि रुफिनाचं ती स्वतःच धुवायची. रुफिना नुसती भिजवायची आणि चुगल्या करायची. पाणी पन्हळातून पडत राहायचं, दोघी त्यावर आवाज चढवून बोलायच्या.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी तिने धुणं लवकर आटोपलं. पाठ भरून आली म्हणाली. अर्धी बादली रुफिनाकडे सोडून ती घरी गेली, सूप प्यायली, जरा आडवी झाली, आणि उठली नाही. नंतर गावाने रुफिनाला पुन्हा पुन्हा विचारलं: वेडी शेवटचं काय बोलली? काहीतरी जबर बोलली असणार, मालकांबद्दल, फादरबद्दल, निदान सरपंचांबद्दल. रुफिनाला कुणाचं मन मोडवत नव्हतं, पण खोटंही सांगवेना. टोपली काखेला मारून, वळता वळता कासिल्दा एवढंच म्हणाली होती:

"ते निळं पोलकं वेगळं भिजव गं. रंग जातो त्याचा."